मधानं बरं वाटत होतं

माझ्या जिभेचा डावीकडचा बराचसा भाग आता माझ्याजवळ नाही. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहिलं. गेले वर्षभर लोक माझ्याशी बोलताना नजर इकडेतिकडे फिरवतात आणि शेवटी माझ्या तोंडावरच आणून ठेवतात. एकदाचं सांगून टाकलं की तेही मोकळे आणि मीही मोकळी.

मी मंगल. पाथर्डी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून आयुष्यभर शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तंबाखू, मिश्री, सुपारी यातल्या कशाला कधी बोट लावलं नाही. मुलांकडून तंबाखूविरोधी प्रतिज्ञा म्हणून घेणारी बाई मी, त्यामुळे तोंडाचा कॅन्सर हा आपला विषयच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आजार समजूत विचारून येत नाही.

हे लिहितेय ते रडगाणं गायला नाही. तोंडात जखम झाली की आपल्याकडे जे पहिलं करतात तेच मी केलं, आणि दुसऱ्या एका बाईलाही करायला लावलं. पहिल्या चुकीची शिक्षा मी भोगली. दुसरीनं मात्र माझी झोप उडवली.

*

ती दुसरी बाई म्हणजे हौसा. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. दिवाळी झाली की हौसा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परतायची. एका वर्षी येताना तिनं माझ्यासाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये उसाचा रस आणला. दोन दिवस ट्रकमध्ये तापून तो चांगलाच फसफसला होता.

"फेकून दे, घरात वास सुटलाय," आमचे हे म्हणाले. हे एसटीत कंडक्टर होते. बोलणं कमी आणि तिकिटासारखं नेमकं.

पण एवढ्या लांबून कुणी आपल्यासाठी आणलेलं फेकवतं का? चिनी मातीच्या बरणीत ओतलं, वर पातळ फडकं बांधलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. दीड महिन्यानं फडकं सोडलं तर आत झणझणीत सिरका तयार झाला होता, वर पातळशी साय धरलेली.

तिथून मला नाद लागला. निवृत्तीनंतर तर विचारूच नका. रसवंतीवरून ताजा रस आणायचा, जुन्या सिरक्याचं वाटीभर विरजण लावायचं, बरणी सावलीत ठेवायची. आंबट झाला की त्यात तुळस, अडुळसा, ओवा, ठेचलेलं आलं घालून पंधरा दिवस मुरवायचं. मग गाळून घ्यायचं आणि डोंगराकडच्या माणसांनी आणलेला मध निम्म्याला निम्मा मिसळायचा. गॅसवर अजिबात ठेवायचं नाही, लाकडी डावानं हळूहळू हलवत राहायचं. सरबताच्या जुन्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून त्यात भरायचं आणि वर माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवायची. खोकला, अपचन, घसा बसणं, सगळ्याला एकच बाटली.

रविवारी विहारात वंदना झाली की बायका पिशवीत हात घालून उभ्याच असायच्या. "बाई, तुमचं टॉनिक." मी द्यायची. कुणी गुण आला म्हणालं की दिवसभर माझे पाय जमिनीला लागायचे नाहीत. हे म्हणायचे, "आपल्या घरापेक्षा डेपोतली बॅटरीची खोली बरी. तिथं निदान वास एकाच जातीचा असतो."

*

दसऱ्याच्या सुमारास जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला. दात टोचला असेल म्हटलं. रात्री मध लावायचा, सकाळी सिरक्याच्या पाण्यानं गुळण्या करायच्या. सिरका जिभेला लागला की डोळ्यांतून पाणी यायचं. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, हे शास्त्र कुणी शोधून काढलं मला माहीत नाही, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. आणि मधानं बरं वाटायचं, हे खोटं नाही. तासभर ठसठस थांबायची. वाटायचं, उद्यापर्यंत जाईल.

हे दोनदा म्हणाले, "डॉक्टरला दाखव." मी म्हटलं, "एवढ्याशा फोडाला?" आमच्या घरात माझं शिक्षण जास्त, माझा आवाज मोठा, त्यामुळे शेवटचा शब्द माझा असायचा.

त्याच दिवसांत, दिवाळी उरकल्यावर, हौसा ऊसतोडीला निघण्याआधी भेटायला आली. म्हणाली, "बाई, गालात आतून चट्टा पडलाय. मिसरी लावाया गेलं की आग हुती."

मी कणीक मळत होते. तिला तोंड उघडायलाही लावलं नाही. म्हटलं, "अगं, मलाही तस्संच झालंय. मी हेच लावते." दोन बाटल्या काढून दिल्या. "गुळण्या कर आणि झोपताना मध लाव. सहा महिन्यांत परत येशील तोवर चट्टा पार गेलेला असेल."

तिनं बाटल्या पदरात गुंडाळल्या, माझ्या पाया पडली आणि गेली.

*

संक्रांतीच्या आधी डावा कान दुखायला लागला. कानात तेल घातलं. मग गिळताना त्रास व्हायला लागला, तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा आत घातला, बाहेर काढला, हातमोजे उतरवले आणि मला नाही, यांना सांगितलं, "उद्याच नगरला जा."

नगरला तुकडा तपासायला काढला. पाच दिवसांनी रिपोर्ट मिळाला. तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. समोर तरुण डॉक्टर, भिंतीवर तिरपं कॅलेंडर, ते सरळ करावं असं मला सारखं वाटत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय लावत होता?"

"मध. आणि घरचा सिरका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मधानं बरं वाटतं ना, तिथंच माणूस फसतो. मध वाईट नाही हो. पण तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर ती कुणाला तरी दाखवायची. बस, एवढंच."

एवढंच! आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि एवढंच मला माहीत नव्हतं.

त्याच क्षणी हौसाचा गाल माझ्या डोळ्यांसमोर आला. रिक्षात बसल्यावर यांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी तुझं बघू." मीही लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. मी इतकी घाबरले होते की दुसऱ्या कुणाच्या तोंडाचा विचार करायला माझ्यात जागा नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

*

ऑपरेशन झालं. जीभ कापली, मानेतून गाठी काढल्या. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती आणि तोंडात माझं असं काहीच वाटत नव्हतं.

वॉर्डाचं एक वेळापत्रक असतं आणि माणूस त्याला चिकटून जगतो. पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी, मग इंजेक्शन, मग ड्रेसिंग. दर दोन तासांनी नळीतून पेज. ते काम यांनी नर्सकडून शिकून घेतलं. पेज दोनदा गाळायची, कोमट आहे का ते मनगटावर बघायचं, घड्याळ बघून हळूहळू सोडायची. आयुष्यात यांनी मला कधी चहा करून दिला नव्हता. आता वाटी धरून बसलेले हे बघितले की मला रडू यायचं, आणि रडलं की नळी दुखायची, म्हणून मी खिडकीकडे बघत बसायची.

आमची मुलगी प्रज्ञा नगरलाच एका कंपनीत आहे. ती सुट्टी टाकून यायची, सगळे कागद सांभाळायची आणि माझ्याशी फार बोलायची नाही. एके दिवशी माझ्या उशाचं आवरताना तिचा बांध फुटला. "तीन महिने, आई! तीन महिने तू मध चोळत बसलीस. पप्पा सांगत होते. तुझ्याच हट्टानं..." तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तेवढं करता येत होतं.

बोलायला डॉक्टरांनी परवानगी दिली तरी मी बोलत नव्हते. एकदा प्रयत्न केला, तर घशातून आला तो आवाज माझा नव्हता. चाळीस मुलांचा गोंधळ एका हाकेत गप्प करणारी बाई मी. बोलणं शिकवणाऱ्या ताई रोज यायच्या, म्हणायच्या, "अ म्हणा." मी मान हलवायची. प्रज्ञानं शेवटी बाजारातून पाटी आणि पेन्सिल आणून दिली. माझं सगळं जग त्या पाटीवर चालायला लागलं. तोंड उघडून तर मी यांनाही दाखवलं नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय सांगू? कुणी काढा आणला, कुणी गोमूत्र, कुणी डोंगरावरच्या मुळीची पूड. "बाई, हे घ्या, हमखास गुण." सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती जी बाटली देताना माझ्या चेहऱ्यावर असायची. करावे तसे भरावे, म्हणतात ते काही उगाच नाही.

शेजारच्या खाटेवर श्रीरामपूरकडची एक बाई होती, गालाच्या कॅन्सरची. निम्मा गाल काढला होता. तिची सून मला सांगत होती, "काय लावलं न्हाई हो आत्यांनी! तूप लावलं, तुरटी लावली, मध लावला."

मी पाटी ओढली आणि लिहिलं, "हौसा कुठे आहे?"

*

हौसाचा फोन बंद होता. तिची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिचा नंबर कुणाकडे नव्हता. गावात विचारलं तर "गेल्यात तिकडं कारखान्याला" एवढंच. कुठल्या कारखान्याला, ते कुणी सांगेना.

तेव्हा हे खाटेजवळच्या स्टुलावर बसले, चष्मा लावला आणि जुनी डायरी उघडली. जिल्ह्यातल्या प्रत्येक डेपोत यांचा कुणी ना कुणी सोबती. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर. एकेकाला फोन लावून यांचं एकच वाक्य: "पाथर्डीची टोळी, बाईचं नाव हौसा, गालाला त्रास आहे. ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यावर विचार." त्या कंडक्टरांनी ते वाक्य पुढच्या गाडीच्या कंडक्टरला दिलं. चौथ्या दिवशी श्रीरामपूरहून फोन आला. टोळी सापडली होती. मुकादमाचं नाव ऐकून मी पाटीवर मोठं उद्गारचिन्ह काढलं. भाऊसाहेब! चौथीत माझ्याकडे होता. पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यापाशी आला की त्याला हटकून लघवीला लागायची.

व्हिडिओ कॉल लावला. मागे ऊस, पुढे भाऊसाहेबाच्या मिशा.

"बाई! ह्ये काय झालं वो तोंडाला?"

यांनी थोडक्यात सांगितलं आणि हौसाला नगरला पाठव म्हणाले. भाऊसाहेबानं मान खाजवली. "मामा, सिझन भरात हाय. एक कोयता कमी झाला की सगळी गाडी अडती. दोन म्हैन्यानं कारखान्याचा पट्टा पडंल, सिझन सरंल, मग आनतो की." कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई निघाली की नवऱ्याचंही काम थांबतं, हे मलाही कळत होतं.

मी पाटीवर लिहिलं आणि मोबाईलसमोर धरलं. भाऊसाहेब मोठ्यानं वाचायला लागला, चौथीतल्यासारखाच, शब्द तोडून तोडून. "भाऊसाहेब, दोन महिने नाहीत. उद्या हौसाला घेऊन ये. मी वाट बघते."

त्यानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"आनतो, बाई," तो म्हणाला.

*

हौसा आली, त्याच्या आदल्या दिवशीच मला घरी सोडलं होतं. घर म्हणजे प्रज्ञाचा नगरमधला फ्लॅट. नाकातली नळी निघाली होती आणि मी चमच्यानं पातळ खात होते. दुपारी भाऊसाहेब हौसाला सोडून खाली चहाला गेला. ती सोफ्यावर बसेना. दाराजवळ फरशीवर बसली, माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. डावा गाल किंचित सुजलेला होता. पोटच्या पोरीनं आणावी तशी तिनं पिशवीतून काकवीची बाटली काढली. मग माझ्या दोन रिकाम्या बाटल्या काढून पुढे ठेवल्या, स्वच्छ धुतलेल्या.

"बाई, तुमच्या औशदाला लई गुन हाय. लावलं की ठसठस ऱ्हात न्हाई. ह्या मोकळ्या आनल्यात. अजून दोन द्या, म्हंजी सिझन निघंल. लगेच जाते, मालक एकलेच हायेत फडात."

तिला वाटलं होतं, मी आजारी आहे म्हणून भेटायला बोलावलं. दवाखान्याचं नाव तिच्या डोक्यातही नव्हतं. भाऊसाहेबानं वाटेत सांगितलं होतं, पण ती म्हणाली, "मला काय झालंय? उतार हाय मला."

मी पाटी घेतली. लिहिलं, "माझं चुकलं. ते औषध नाही. डॉक्टरांना दाखव." तिच्यासमोर धरलं.

तिनं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओशाळून हसली. "मला कुटं वाचता येतंय, बाई."

तिच्या मुलीला मी बाराखडी शिकवली होती. आईला येतं की नाही, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

हे वाचून दाखवायला पुढे आले. मी त्यांचं मनगट धरलं. ही गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून सांगायची नव्हती. चूक मी माझ्या तोंडानं केली होती.

मी बोलले. अक्षरं एकमेकांत अडकली, निम्मे शब्द हवेतच गेले, हनुवटीवर लाळ आली. "हौसा. माझं चुकलं." महिनाभरात मी उच्चारलेले ते पहिले शब्द. यांनी खुर्चीची पाठ धरली. मी पुन्हा म्हटलं, अजून सावकाश. "ते औषध नाही. मीही तेच लावलं. बघ, काय झालं."

आणि खिडकीच्या उजेडाकडे वळून मी तोंड उघडलं.

हौसा उठून जवळ आली. माझी हनुवटी दोन बोटांनी धरली आणि आत बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तिनं पदराच्या टोकानं माझी लाळ पुसली, बाळाची पुसतात तशी.

"मला बी आसंच हुईल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणून दाखवायचं."

ती खाली बसली. रिकाम्या बाटल्यांकडे बघत म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून गुळन्या केल्या. आता तुमी सांगताय म्हनून दावते. पन संगं या. मला एकलीला भ्या वाटतं."

मी टाक्यांचे वण असलेली मान मफलरात गुंडाळली आणि तिच्याबरोबर गेले.

*

हौसाच्या गालातला चट्टा कॅन्सरचाच निघाला. पण लहान होता, फार आत गेला नव्हता. गालाचा आतला छोटा तुकडा काढला आणि तेवढ्यावर भागलं. ऑपरेशनच्या वेळी मी तिच्याजवळ होते. दार लागेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. भाऊसाहेबानं तिच्या नवऱ्याला दुसऱ्या जोडीबरोबर कामाला घेतलं, कटकट न करता. मिश्री तिनं सोडली. पुन्हा लावत असेल तर माझ्यापासून लपून लावत असेल, पण तिचा गाल मी दर महिन्याला बघते.

मला पुढे सहा आठवडे किरणोपचार घ्यावे लागले. मधाची चव गेली, सिरक्याची गेली, सगळं पिठासारखं लागायचं. त्या दिवसांत हे एकदा कपडे आणायला पाथर्डीला गेले आणि परत आले तेव्हा अंगाला सिरक्याचा वास येत होता. मी नाक वर केलं. म्हणाले, "बरण्या आटायला लागल्या होत्या. रस घातला थोडा. साय मोडू दिली नाही." चव अजून पूर्ण आली नाही, पण वास त्या दिवशी आला होता.

टॉनिक मी आजही करते. खोकल्याला, अपचनाला देते. पण तोंडाची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी दारात उन्हाला उभं करते आणि म्हणते, आ कर. मग विचारते, किती दिवस झाले? पंधरा दिवसांच्या वर असेल तर बाटली मिळत नाही. बाया फुगतात. फुगू देत. माझं बोलणं अजून अडखळतं, त्यामुळे मी तेच दोनदा सांगते, आणि दोनदा सांगितलेलं लोक जरा जास्त ऐकतात.

एक प्रश्न मात्र मला हौसाला विचारायचा होता आणि धीर होत नव्हता. परवा तिच्या अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा विचारला. "हौसा, तुला माझा राग नाही आला?"

"आल्ता की," ती म्हणाली. शेंगा फोडायची थांबली नाही. "लई आल्ता. रिपोट आला त्या दिवशी तर तुमच्या घरी जाऊन सगळ्या बरन्या फोडाव्या वाटल्या हुत्या."

"मग?"

"मग काय. आपरेशनला आत न्यायला लागले, तवा कुनाचा हात धरावा म्हनून इकडंतिकडं बगितलं, तर तुमीच हुत्या."